क्वांटम सर्किट मशीनवर चढवताना: राउटिंग, वेळापत्रक आणि मोजणी

आठ क्युबिटांची (क्वांटम बिटांची) जीएचझेड अवस्था, म्हणजे सगळे शून्य आणि सगळे एक यांचं मिश्रण, वहीत दोन ओळींत मांडून होते. पहिल्या क्युबिटावर त्याला शून्य-एकच्या मिश्रणात नेणारं हॅडमार्ड गेट, मग त्याच क्युबिटावरून उरलेल्या सातांवर एकेक सीएक्स, म्हणजे पहिला एक असेल तरच दुसऱ्याला उलटवणारं गेट. हेच सर्किट आयबीएमच्या हेरॉन या क्वांटम मशीनसाठी क्विस्किट पॅकेजच्या ट्रान्सपायलरमधून (सर्किट मशीनच्या गेटांत बसवून देणाऱ्या भागातून) काढलं की त्यात सीएक्स औषधालाही उरत नाही. सात जोडगेटांची (दोन क्युबिटांवरच्या गेटांची) डझनभर झालेली असतात आणि क्युबिटांना कुठले तरी ४१, ४२, ५७ असे क्रमांक मिळालेले असतात. नवा माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर टूलने दिलं ते मुकाट्याने मशीनवर टाकतो, नाही तर ऑप्टिमायझेशनची पातळी ३ करून काम संपलं असं समजतो. खरी कमाई या दोन्हींच्या पलीकडे आहे, आणि तिचा मोठा भाग मोजणीच्या मांडणीत आहे.

ठाण्यात आणि ऐरोली-महापे पट्ट्यात नोकऱ्या करणारी आमची सॉफ्टवेअरवाल्यांची मंडळी हे काम सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर करते. मशीन परदेशात असतं, आपल्या हातात फक्त क्लाउड खातं. आयबीएमच्या मोफत योजनेत २८ दिवसांना १० मिनिटं मशीनवेळ मिळतो आणि तो प्रयोग करून बघण्यात उडवण्याइतका स्वस्त नाही. म्हणून पहिला नियम असा की फेक बॅकएंडवर, म्हणजे मशीनच्या नकलेवर, सगळं बसवून घ्यायचं. फेकटोरिनो, फेकफेझ अशा नावांनी खऱ्या मशीनच्या जुन्या नोंदी पॅकेजबरोबर येतात. जोडण्या, गेटांच्या वेळा, चुकांचे आकडे सगळं त्यात असतं आणि क्विस्किटच्या एअर सिम्युलेटरला ते दिलं की गोंगाटासकट निकाल मिळतो. मात्र त्या नोंदी जुन्या असतात, त्यामुळे क्युबिट निवडण्याची पायरी खऱ्या मशीनवर जाताना नव्याने करावीच लागते. घराजवळचं मशीन म्हणाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा, कुलाब्याची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. चिप टीआयएफआरची, क्लाउडची बाजू टीसीएसची. इथे सांगितलेली बरीचशी पथ्यं अशा कुठल्याही अतिवाहक चिपला लागू पडतात.

सर्किटाला हात लावण्याआधी बॅकएंडचं टार्गेट वाचावं. प्रत्येक गेट कुठल्या क्युबिटांवर चालतं, किती वेळ घेतं आणि किती चुकतं ते त्यात असतं. हेरॉनवर जोडगेट सीझेड आहे, एकेरी गेटं एसएक्स, एक्स आणि आरझेड. एसएक्सला साधारण तीसेक नॅनोसेकंद लागतात, सीझेडला सत्तर-ऐंशीच्या आसपास, आणि मोजणीला दीड मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त. आरझेडला शून्य. ते प्रत्यक्षात गेट नसतंच, पुढच्या पल्सचा (गेट घडवणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरीचा) फेज तेवढा बदलला जातो. म्हणून आरझेड कितीही आले तरी त्यांची चिंता करू नये. या आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लगेच दिसते: एका मोजणीच्या वेळात पंधरा-वीस सीझेड बसतात. छोट्या सर्किटात सगळी गेटं मिळून मोजणीपेक्षा कमी वेळ घेतात.

टार्गेट वाचताना सडके आंबे बाजूला काढावेत. एखाद्या जोडीचं कॅलिब्रेशन फसलेलं असेल तर तिच्या सीझेडची चूक चक्क १ अशी छापलेली असते. एखाद्या क्युबिटाची गेटं उत्तम पण मोजणीची चूक दहा-वीस टक्के, असंही सापडतं. अशा क्युबिटांची यादी करून ते कपलिंग मॅपमधून (कोण कोणाशी जोडलेला याच्या नकाशातून) वगळलेले बरे. शिवाय कॅलिब्रेशनची वेळ पाहावी, आणि ती कोणत्या टाइमझोनमध्ये छापली आहे तेही. साडेपाच तासांच्या फरकामुळे सकाळचे आकडे रात्रीचे समजून बसलेली माणसं आहेत.

आता राउटिंग. हेरॉनची चिप हेवी-हेक्स जाळीची आहे, म्हणजे एका क्युबिटाला जास्तीत जास्त तीन शेजारी. शेजारी नसलेल्या दोघांत सीझेड करायचा तर आधी स्वॅप (शेजाऱ्यांची अदलाबदल) करत करत त्यांना जवळ आणावं लागतं. घणसोलीहून चेंबूरला जाणाऱ्याला सानपाड्याला किंवा वाशीला उतरून गाडी बदलावी लागते, तसंच हे. फरक एवढाच की इथे प्रत्येक बदलीचं भाडं तीन सीझेड. क्विस्किटमध्ये हे काम सेबर नावाची पद्धत करते. २०१९ मध्ये ती मांडली गेली. पुढची काही गेटं डोळ्यांसमोर ठेवून कोणता स्वॅप फायद्याचा ते ती ठरवते.

आपल्या जीएचझेड सर्किटात एकाच क्युबिटाला सात सोबती हवेत आणि जाळीत तिनाच्या वर मिळणं शक्य नाही. म्हणजे स्वॅप अटळ. ही तारा-रचना ओळखून सरळ रेषेत बसवणारा स्टार-प्री-राउटिंग नावाचा पास क्विस्किटमध्ये आहे. त्यात सीएक्स आणि त्यापाठोपाठचा स्वॅप मिळून दोन सीझेडमध्ये भागतं, तरी एकूण आकडा बाराच्या घरात जातोच. याउलट आपणच सर्किट साखळीत लिहिलं, म्हणजे ० वरून १ वर, १ वरून २ वर, असं ७ पर्यंत, तर सात सीझेड आणि स्वॅप एकही नाही. फक्त ते सातही एकामागून एक येतात. साखळी मधून सुरू केली तर तेही टळतं. हॅडमार्ड ३ वर, पहिल्या थरात ३ वरून ४ वर, दुसऱ्यात ३ वरून २ आणि ४ वरून ५, तिसऱ्यात २ वरून १ आणि ५ वरून ६, चौथ्यात १ वरून ० आणि ६ वरून ७. सीझेड तेच सात, थर मात्र सातांऐवजी चार.

मग टूलला हे का सुचत नाही? कारण तारा आणि साखळी या दोन सर्किटांची युनिटरी, म्हणजे कुठल्याही सुरुवातीच्या अवस्थेवर घडणारी एकूण क्रिया, वेगळी आहे. सगळे क्युबिट शून्यावर असतील तरच दोन्हींचा निकाल एक येतो. ट्रान्सपायलर साधारणपणे युनिटरी जपतो, कारण तुमच्या मनातली सुरुवातीची अवस्था आणि शेवटी काय मोजायचं आहे याचा त्याला फारसा पत्ता नसतो. तेवढं ज्ञान आपल्याकडे असतं, म्हणून तेवढं काम आपलं. पुढे मोजणीतही हाच मुद्दा येणार आहे.

साखळी लिहून झाली की तिला चिपवरची जागा शोधायची. व्हीएफ२ नावाचा पास स्वॅपशिवाय बसेल अशी जागा जाळीत शोधतो. आठांची सरळ साखळी हेवी-हेक्सवर शेकडो ठिकाणी बसते, तेव्हा प्रश्न बसण्याचा नसून सर्वांत कमी चुकांच्या जागेचा असतो. जिथे स्वॅप लागतातच तिथे सेबर येते आणि तिच्यात यादृच्छिकता आहे. सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) बदलला की निकाल बदलतो. म्हणून वीसेक सीड फिरवून त्यातलं उत्तम निवडावं. उत्तम म्हणजे काय, इथे बहुतेक जण घसरतात. डेप्थ, म्हणजे गेटांच्या थरांची संख्या, हा आकडा फसवा आहे, कारण त्यात फुकटचे आरझेडही मोजले जातात. डेप्थ काढताना दोन क्युबिटांच्या गेटांपुरती चाळणी लावता येते, ती लावावी. आमची कसोटी मात्र निराळी असते: वापरलेल्या प्रत्येक सीझेडची आणि प्रत्येक मोजणीची चूक घेऊन एकमधून वजा करायची, सगळ्यांचा गुणाकार करायचा, ज्याचा गुणाकार मोठा ते सर्किट जिंकलं. समजा सीझेडची चूक ०.४ टक्के आणि मोजणीची १ टक्का आहे. सात सीझेडमध्ये पावणेतीन टक्के जातात, आठ मोजण्यांत जवळजवळ आठ. ज्या कसोटीत मोजणीची चूक धरलेलीच नाही ती कसोटी या सर्किटासाठी निरुपयोगी आहे.

इतर टूलांबद्दल थोडक्यात. क्वांटिन्यूअमचं टी-केट आम्ही दुसरं मत घेण्यासाठी वापरतो. त्याचा फुल-पीपहोल पास क्विस्किटच्या आधी चालवला की काही सर्किटांत चार-दोन जोडगेटं आणखी कमी होतात, काहींत काहीच होत नाही. क्वांटिन्यूअमच्या मशीनसाठी लिहायचं असेल तर गणितच बदलतं, कारण अडकवलेल्या आयनांच्या मशीनवर कुठलाही क्युबिट कुठल्याहीशी जोडता येतो आणि राउटिंगचा प्रश्न उरत नाही. बर्कली प्रयोगशाळेचं बीक्यूएसकिट तीन-चार क्युबिटांचे तुकडे घेऊन आकडेमोडीने नव्याने रचतं. निकाल चांगला येतो, पण लॅपटॉपचा पंखा बराच वेळ गरगरतो. पायझीएक्स सुंदर आहे, झेडएक्स आकृत्यांचे नियम लावून टी गेटांची संख्या ते खाली आणतं. चूक-दुरुस्ती असलेल्या उद्याच्या मशीनवर टी गेट महाग असणार, तिथे हे सोन्यासारखं. आजच्या हेरॉनवर मात्र टी म्हणजे एक आरझेड, म्हणजे फुकट. आकृतीतून सर्किट परत काढताना जोडगेटं वाढू शकतात, म्हणजे फुकटची वस्तू वाचवताना महागाची वाढवली असं होतं. आयसिंगसारख्या चुंबकत्वाच्या मॉडेलांसाठी एक गोष्ट नक्की पाहावी: हेरॉनवर आरझेडझेड हे दोन क्युबिटांचं गेट थेट मिळतं. सीझेडमध्ये लिहिलं तर एका आरझेडझेडला दोन सीझेड लागतात. त्यासाठी बॅकएंड मागवतानाच फ्रॅक्शनल गेटांचा पर्याय चालू करावा लागतो, आणि कोन शून्य ते पाय भागिले दोन या मर्यादेत असावा लागतो.

टूल कुठलंही असो, निघालेलं सर्किट मूळ सर्किटाशी ताडून पाहावं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या एमक्यूटी संचात क्यूसेक नावाचा तपासनीस आहे, तो दोन सर्किटांची युनिटरी एक आहे का ते सांगतो. आपण हाताने तारेची साखळी केली असेल तर तो अर्थातच नाही म्हणेल. तिथे निकालाची अवस्था ताडायची. जीएचझेड क्लिफर्ड गेटांचंच (साध्या संगणकावर झटपट नक्कल होणाऱ्या गटातलं) असल्यामुळे स्टिम या सिम्युलेटरमध्ये ते क्षणात होतं, क्युबिट हजार असले तरी.

इथवर सर्किटात वेळ कुठेच नव्हता, फक्त क्रम होता. शेड्यूलिंगच्या पायरीत प्रत्येक गेटाला सुरुवातीची वेळ मिळते. दोन पद्धती आहेत. एएसएपी म्हणजे शक्य तितक्या लवकर, आणि एएलएपी म्हणजे शक्य तितक्या उशिरा. लवकर उरकणं बरं वाटतं, पण मधून सुरू केलेल्या आपल्या साखळीत ७ नंबरच्या क्युबिटाकडे बघा. त्याच्यावरचा सीएक्स मशीनवर हॅडमार्ड, सीझेड, हॅडमार्ड असा होतो. एएसएपीमध्ये पहिला हॅडमार्ड अडवणारं कोणी नाही म्हणून तो शून्य वेळेला होऊन जातो. मग तो क्युबिट शून्य आणि एकच्या मिश्रणात तीन थर ताटकळत बसतो आणि त्याचा फेज भरकटतो. एएलएपीमध्ये तोच हॅडमार्ड सीझेडच्या अगदी आधी येतो. तोवर क्युबिट शून्यावर निवांत, आणि शून्याला क्षय पावायला खाली जागाच नाही. गेटं तीच, संख्या तीच, फक्त एक गेट उशिरा, तरी निकालात फरक. सर्किटाचं टाइमलाइन चित्र काढलं की असे ताटकळणारे क्युबिट डोळ्यांना दिसतात. हे चित्र काढल्याशिवाय काम पुढे सरकवू नये.

जे रिकामे पट्टे उरतात त्यांत डायनॅमिकल डीकपलिंग भरायचं. साधा प्रकार दोन एक्स गेटांचा: रिकाम्या वेळेचा पाव भाग थांबा, एक्स, अर्धा भाग थांबा, एक्स, पुन्हा पाव भाग. हळू बदलणारा फेजचा गोंगाट पहिल्या एक्सने उलटतो आणि फिटतो. पट्टा शंभरेक नॅनोसेकंदांचा असेल तर त्यात दोन एक्स कोंबण्यात अर्थ नाही, गेटांची चूकच फायद्यापेक्षा जास्त भरते. अजून वापरात न आलेल्या, शून्यावर बसलेल्या क्युबिटांनाही ते देऊ नये. क्विस्किटचा पास ते आपणहून टाळतो. ही पायरी अगदी शेवटी करायची. नंतर सर्किट पुन्हा ऑप्टिमायझरमधून काढलं तर गेटं हलतात आणि मोजून-मापून ठेवलेली अंतरं वाया जातात. आयबीएमच्या रनटाइम या क्लाउड सेवेच्या पर्यायांतूनही डीकपलिंग चालू करता येतं. मग हाताने भरलेलं आणि तिथलं असं दोन्ही एकदम ठेवू नये.

मोजणीकडे येताना पहिला प्रश्न हाच पडतो की ज्या क्युबिटाचं काम आधी संपलं तो आधी मोजावा का. साखळीच्या मधल्या क्युबिटांचं काम टोकांच्या दोन थर, म्हणजे दोन-अडीचशे नॅनोसेकंद, आधी संपतं. टी-वन (क्युबिट एकवरून शून्यावर घसरण्याचा सरासरी काळ) २०० मायक्रोसेकंद धरला तर तेवढ्या वेळात क्षय होण्याची शक्यता ०.१ टक्क्याच्या आसपास. उलट बाजूला, मोजणीची पल्स चालू असताना शेजारी सीझेड चालू असेल तर त्याच्या फेजला धक्का बसतो, कारण मोजणीचे रेझोनेटर एका सामायिक वाहिनीवर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींनी बसवलेले असतात आणि एकमेकांपासून पुरते अलिप्त नसतात. तेवढं वाचवायला तो धक्का घेऊ नये. सगळे एकदम मोजावेत. क्विस्किटचं मेजर-ऑल मोजणीआधी आपणहून बॅरियर (गेटांना ओलांडता न येणारी रेघ) टाकतं ते यासाठीच.

पण हाच बॅरियर दुसरीकडे आडवा येतो. मोजणीच्या लगेच आधी आलेलं आरझेड, टी, एस यांसारखं डायगोनल गेट शून्य-एकच्या संभाव्यता बदलत नाही, तेव्हा ते काढून टाकणारा पास आहे. त्याला मोजणीच्या आधीचं गेट दिसावं लागतं. मध्ये बॅरियर असला की त्याला बॅरियरच दिसतो आणि तो हात आवरतो. आरझेड फुकट म्हणून एक वेळ चालून जातं. महागाची गेटं अडकली की काय होतं ते पुढे हायड्रोजनच्या उदाहरणात येईल.

सर्किटाच्या मध्येच मोजणी करून निकालानुसार पुढचं गेट लावायचं तंत्रही आता मिळतं, आणि त्याने जीएचझेड ठरावीक थरांत तयार होते, क्युबिट कितीही असोत. ऐकायला छान. हिशेब केला तर मधली मोजणी दीड मायक्रोसेकंद, त्यावर निर्णय पोचायचा वेळ वेगळा, आणि तोवर बाकीचे सगळे क्युबिट डीकपलिंगवर टांगलेले. सीझेड आणि आजूबाजूची एकेरी गेटं धरून एका थराला शंभरेक नॅनोसेकंद लागतात. म्हणजे पंधरा-वीस थर वाचणार नसतील तर सौदा तोट्याचा. मधून सुरू होणारी साखळी क्युबिटांच्या निम्म्या थरांत संपते. तिसाच्या आतल्या क्युबिटांसाठी आम्ही या वाटेला जात नाही.

दोन शॉटमधल्या (सर्किट चालवण्याच्या दोन फेऱ्यांमधल्या) विश्रांतीला रेप-डिले म्हणतात आणि तो मुळात २५० मायक्रोसेकंद असतो. टी-वनही २५० असेल तर नुसतं थांबून क्युबिट शून्यावर येत नाही, ३७ टक्के अजून वरच असतात. म्हणून प्रत्येक शॉटआधी क्युबिट मुद्दाम रीसेट करण्याचा पर्याय मुळात चालू असतो. वेळ वाचवायला तो बंद केला की मागच्या शॉटचे एक पुढच्या शॉटात शिरतात, आणि निकाल असा काही दिसतो की माणूस दोष गेटांमध्ये शोधत बसतो.

आता हायड्रोजन रेणूची ऊर्जा मोजण्याचं उदाहरण. दोन अणूंमधलं अंतर ०.७३५ अँगस्ट्रॉम, पॅरिटी मॅपिंग (इलेक्ट्रॉन क्युबिटांवर मांडायची एक रीत) आणि दोन क्युबिट. हॅमिल्टोनियनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या सूत्रात, पाच पदं (पहिलं अक्षर क्युबिट १ चं, दुसरं क्युबिट ० चं, आय म्हणजे तिथे काहीच मोजायचं नाही): आयआय –१.०५२४, आयझेड ०.३९७९, झेडआय –०.३९७९, झेडझेड –०.०११३ आणि एक्सएक्स ०.१८०९. सगळ्यांत कमी इलेक्ट्रॉनिक ऊर्जा –१.८५७३ हार्ट्री (रेणूंच्या ऊर्जेचं एकक). अवस्था तयार करायला क्युबिट ० वर एक्स, क्युबिट १ वर –०.२२३५ रेडियनचं आरवाय (क्युबिट फिरवणारं गेट) आणि १ वरून ० वर एक सीएक्स. म्हणजे एकच सीझेड. ट्रान्सपायलरच्या कुठल्याही पातळीला इथे कमी करण्यासारखं काही नाही, तरी मोजणी वाईट मांडली तर उत्तर बिघडतं.

पदं वेगवेगळी मोजायची तर चार सर्किटं लागतील. आयझेड, झेडआय, झेडझेड एकाच मोजणीतून निघतात, एक्सएक्ससाठी दोन्ही क्युबिटांवर हॅडमार्ड लावून दुसरी. क्विस्किटच्या पाउली-यादीला (अशा पदांच्या यादीला) कम्यूटिंग, म्हणजे एकत्र मोजता येणारे, गट पाडायला सांगितलं की ते हेच दोन गट देतं. शॉट किती आणि कसे वाटायचे? सरधोपट सल्ला असतो की गुणकांच्या प्रमाणात वाटा. त्या हिशेबाने पहिल्या गटाला ०.८०७ आणि दुसऱ्याला ०.१८१, म्हणजे साडेचारास एक. इथे हा सल्ला चुकीचा आहे. अवस्था जर हॅमिल्टोनियनची खरी आयगेनअवस्था (जिची ऊर्जा एकच ठाम आकडा असते अशी) असेल तर एकूण ऊर्जेचा विचलनांक शून्य असतो, आणि गट दोनच असतील तर एकात जेवढा चढउतार तेवढाच दुसऱ्यात उलटा असावा लागतो. दोन्हींचं प्रमाणित विचलन ०.१७६ हार्ट्री, तंतोतंत सारखं. म्हणून शॉट निम्मे-निम्मे. ०.००१६ हार्ट्रीची रासायनिक अचूकता हवी तर प्रत्येक गटाला २४,३०० शॉट पुरतात. तेवढेच एकूण शॉट गुणकांच्या प्रमाणात वाटले तर चूक ०.००२१ वर जाते. २५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने दोन्ही गट मिळून बाराएक सेकंद मशीनवेळ, वर थोडा तयारीचा.

हा झाला निव्वळ सांख्यिकी गोंगाट. मोजणीची चूक याहून वाईट. प्रत्येक क्युबिट १ टक्का वेळा उलटा वाचला जातो असं धरू. पहिल्या गटात जवळजवळ सगळे शॉट ०१ येतात, सव्वा टक्का १०. एक बिट उलटला की ०० किंवा ११ मिळतं आणि त्या शॉटची ऊर्जा –१.८३७ ऐवजी –१.०६४ धरली जाते. दोन टक्के शॉट असे बिघडले की सरासरी ०.०१५ हार्ट्रीने सरकते, रासायनिक अचूकतेच्या जवळजवळ दहापट. शॉट कितीही वाढवा, हे सरकणं जात नाही. उपाय साधा आहे. झेडझेड हे या हॅमिल्टोनियनचं सममितीचं पद आहे, बाकी सगळ्या पदांशी ते कम्यूट होतं, आणि आपल्या अवस्थेत त्याचं मूल्य –१. म्हणजे ०० आणि ११ येणं शक्यच नाही. आले तर फेकून द्या. दोन टक्के शॉट जातात आणि जवळजवळ सगळा दोष त्यांच्याबरोबर जातो, कारण ०१ चं थेट १० व्हायला दोन्ही बिट एकदम उलटावे लागतात.

एक्सएक्सच्या गटात ही चाळणी चालत नाही, तिथे दोन बिटांची पॅरिटीच (सम-विषमपणाच) मोजली जाते आणि मूल्य चार टक्क्यांनी आक्रसतं. त्याची किंमत ०.००१६ हार्ट्री, म्हणजे सगळी परवानगी एकट्या मोजणीत संपली. त्यावर पर्याय असा की एक्सएक्स आणि झेडझेड एकत्र, बेल बेसिसमध्ये मोजायचे: १ वरून ० वर सीएक्स, मग १ वर हॅडमार्ड. एक्सएक्स आता एकट्या क्युबिट १ वर येतं, आक्रसणं निम्म्यावर. पुस्तकी आक्षेप असा की यात एक सीझेड वाढतो. पण नीट बघा, अवस्था तयार करणारा शेवटचा सीएक्सही १ वरून ० वरच आहे. दोन सारखे सीएक्स पाठोपाठ आले की ट्रान्सपायलर ते खोडतो आणि सर्किटात जोडगेट उरतच नाही. मध्ये सवयीने बॅरियर टाकला असेल तर मात्र दोन्ही जसेच्या तसे मशीनवर जातात. जाणकार म्हणतील की सममिती काढून टाकली तर हे उदाहरण मुळात एकाच क्युबिटात बसतं. बरोबर, टूलने खोडाखोड करून तेच केलं. मोठ्या रेणूंत इतकं नीट जुळत नाही, तिथे बेसिस बदलायला खरोखर जोडगेटं खर्च होतात आणि गट थोडे जास्त झाले तरी क्युबिटागणिक मोजणीचेच गट परवडतात.

उरलेल्या आक्रसण्यावर ट्रेक्स ही पद्धत चांगली: मोजणीआधी यादृच्छिकपणे काही क्युबिटांवर एक्स लावायचा आणि निकालात तो बिट उलटा करून घ्यायचा. एकचा शून्य वाचला जाणं शून्याचा एक वाचण्यापेक्षा जास्त घडतं, कारण मोजणी चालू असतानाच क्युबिट खाली घसरू शकतो. ही असमानता या उलटापालटीने सपाट होते. मग शून्य अवस्थेवर तोच प्रयोग करून जो आकडा एक यायला हवा होता तो किती आला ते पाहायचं आणि आपल्या मूल्याला त्याने भागायचं. एस्टिमेटर या थेट सरासरी मूल्य देणाऱ्या साधनाची रेझिलियन्स पातळी १ हेच करते. नुसते मोजलेले बिट देणारा सॅम्प्लर वापरणाऱ्याने ते स्वतः करावं. दोन क्युबिटांना ००, ०१, १०, ११ अशी चार कॅलिब्रेशन सर्किटं पुरतात. ती मूळ सर्किटांबरोबर एकाच बॅचमध्ये पाठवावीत, दुसऱ्या दिवशी नव्हे.

पाठवताना दोन गोष्टी हमखास अडतात. मार्च २०२४ पासून रनटाइम फक्त त्या बॅकएंडच्या गेटांत आणि जोडण्यांत बसवलेलं सर्किटच स्वीकारतो, आणि एस्टिमेटरला दिलेली पाउली-यादीही त्याच लेआउटवर बसवून द्यावी लागते. यादी मूळच्या दोन क्युबिटांची आणि सर्किट १५६ क्युबिटांचं झालेलं असलं की एरर येतो. तो आलेला बरा, कारण यादी हाताने ताणून भलत्याच क्युबिटांवर बसवली तर एरर येत नाही आणि उत्तर मुकाट्याने चुकीचं येतं. दुसरी गोष्ट बिटांचा क्रम. क्विस्किटमध्ये क्युबिट ० सगळ्यांत उजवीकडे, तर गूगलच्या सर्कमध्ये डावीकडून वाचायची रीत. टूलं एकत्र वापरताना नुसता क्युबिट ० वर एक्स लावलेलं सर्किट आधी चालवून बघावं, ०१ येतं की १० ते कळतं. जॉबचा क्रमांक, सीड, निवडलेले क्युबिट आणि कॅलिब्रेशनची वेळ एका फाइलमध्ये लगेच लिहून ठेवावी. रांगेत जॉब तासन्‌तास पडून राहतो, मधे घरची वीज गेली तरी त्याला काही होत नाही आणि क्रमांक असला की निकाल नंतर कुठूनही काढता येतो. फक्त त्या तासांत कॅलिब्रेशन बदललं असेल तर निवडलेली जागा अजून चांगली आहे का ते निकाल वाचण्याआधी पाहून घ्यावं.